वेळेवर आठवणारे वचन: पाठांतराची सुरुवात कशी करावी

पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) याकोबाच्या पत्रातले १:१९, म्हणजे पहिल्या अध्यायातले एकोणिसावे वचन, मला लहानपणापासून पाठ होते. ऐकायला तत्पर असावे, बोलायला आणि रागवायला सावकाश, अशा अर्थाचे ते वचन. संडेस्कूलमध्ये ते म्हणून दाखवून मी शाबासकीही मिळवली होती. तरीही एका संध्याकाळी फोनवर सख्ख्या भावाशी बोलताना मी त्याचे एकही वाक्य पुरे होऊ दिले नाही. फोन ठेवला, पाणी प्यायलो, खुर्चीत बसलो आणि मग ते वचन आठवले. संदर्भासकट, म्हणजे पुस्तक, अध्याय आणि वचनाच्या आकड्यासकट, अचूक, पण अर्धा तास उशिरा.

वचन पाठ असणे आणि ते वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या संध्याकाळी कळले. पहिली घोकून साधते. दुसरीसाठी पाठांतराची रीतच बदलावी लागते. पुढे जे लिहिले आहे ते या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. ज्यांनी अजून एकही वचन पाठ केलेले नाही त्यांना हे अधिक सोपे जाईल, कारण त्यांना जुनी सवय मोडायची नाही.

येशूच्या परीक्षेचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो अरण्यात चाळीस दिवस उपाशी आहे. सैतान तीनदा येतो आणि तिन्ही वेळा येशू शास्त्रलेखानेच उत्तर देतो. ती तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या एकाच पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. अनुवादाच्या त्या अध्यायांत इस्राएलाच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांची, त्यांच्या भुकेची आणि देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाची आठवण करून दिली आहे. म्हणजे पोटात भूक असताना भुकेबद्दलचेच वचन आले, आणि अरण्यात असताना अरण्यातलेच. शास्त्राची गुंडाळी उघडून शोधल्याचा कुठे उल्लेख नाही. शब्द आधीपासून आत होते आणि नेमक्या प्रसंगाशी जोडलेले होते.

पहिले वचन कसे निवडावे

‘पाठ करण्याजोगी उत्तम वचने’ अशी एखादी यादी समोर घेऊन पहिल्या वचनापासून सुरुवात करू नका. मागच्या आठवड्याकडे बघा. आपण कुठे घसरलो, कुठे घाबरलो, रात्री कशामुळे जागे राहिलो? एका कागदावर दोन-तीन ओळी लिहा, अगदी साध्या भाषेत: ‘कामावरच्या माणसाबद्दल मागे वाईट बोललो.’ ‘तपासणीचा निकाल यायचा आहे, भीती वाटते.’ ‘जुने पाप पुन्हा पुन्हा आठवते.’ मग त्या ओळीला लागू पडणारे वचन शोधा.

मागे वाईट बोलण्याची सवय असेल तर इफिसकरांस ४:२९ घ्या. राग असेल तर याकोब १:१९-२० किंवा नीतिसूत्रे १५:१. काळजीसाठी फिलिप्पैकरांस ४:६-७, भीतीसाठी स्तोत्र ५६:३ किंवा यशया ४१:१०, मोहासाठी १ करिंथकरांस १०:१३. दोषी भावना पाठ सोडत नसेल तर रोमकरांस ८:१ आणि १ योहान १:९. झोप येत नसेल तर स्तोत्र ४:८. मन मोडलेले असेल तर स्तोत्र ३४:१८.

इथे एक काळजी घ्यावी असे मला मनापासून वाटते. जे लोक स्वतःवर कडक असतात ते फक्त आज्ञांची वचने निवडतात. हे करू नको, ते बोलू नको. महिन्याभराने त्यांच्या मनात आरोपपत्रच तयार होते आणि ते पाठांतर सोडून देतात. म्हणून एका आज्ञेबरोबर एक अभिवचन, म्हणजे देवाचे आश्वासन, घ्या. इफिसकरांस ४:२९ पाठ करत असाल तर पुढचे वचन १ योहान १:९ असू द्या. ज्या तोंडाला आवर घालायला शिकवायचे, त्याला क्षमाही ठाऊक हवी.

भाषांतर एकच धरा

मराठीत पवित्र शास्त्राची एकाहून अधिक भाषांतरे आहेत. जुन्यात शब्द भारदस्त आहेत आणि लय पक्की आहे, नव्यांत वाक्ये सरळ आहेत. दोन्हींचा उपयोग आहे, पण पाठांतरासाठी एकच निवडा आणि बदलू नका. दोन भाषांतरांतले शब्द मनात मिसळले की अर्ध्या वचनावर माणूस अडखळतो, ‘तत्पर’ होते की ‘तयार’, असे. माझा सल्ला असा की तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेच्या वेळी जे वाचले जाते तेच घ्या. ते कानावर आपोआप पुन्हा पुन्हा पडेल आणि दुसऱ्याला म्हणून दाखवताना चुका पकडणे सोपे जाईल. जुन्या भाषांतरातला एखादा शब्द कळत नसेल तर अर्थ दुसऱ्या भाषांतरात पाहा, पाठ मात्र पहिलेच करा.

आधी अध्याय, मग वचन

पाठ करण्यापूर्वी तो पूर्ण अध्याय दोनदा वाचा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच गाळू नये.

फिलिप्पैकरांस ४:१३ बघा. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्व काही करू शकतो, असे ते सांगते. परीक्षेआधी, स्पर्धेआधी लोक ते म्हणतात. पण पत्र लिहिणारा पौल ते कैदेत असताना लिहितो आहे आणि आधीच्या दोन वचनांत त्याचा विषय भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई हा आहे. कोणत्याही स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो, असे तो सांगतो. तेव्हा हे वचन जिंकण्यापेक्षा तग धरण्याबद्दल अधिक आहे. ज्याने हे जाणून पाठ केले त्याला ते अपयशाच्या दिवशीही आठवेल. ज्याने तसे केले नाही त्याला त्या दिवशी वचन खोटे ठरल्यासारखे वाटेल.

भविष्य आणि आशा देण्याविषयीच्या यिर्मया २९:११ चेही तसेच. ते बाबेल या परक्या देशात धरून नेलेल्या यहूदी लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांनी परत आणीन असे म्हटले आहे. पत्र ऐकणाऱ्या पुष्कळ प्रौढांच्या हयातीत ती सुटका होणार नव्हती. हे कळल्यावर वचनातली आशा कमी होत नाही, पण ती उद्याच सगळे ठीक होण्याची आशा राहत नाही. आणि इब्री लोकांस १३:५ उघडा. ‘मी तुला टाकणार नाही’ या अर्थाचे जे शब्द आपण एकटेपणात आठवतो, ते तिथे पैशाच्या लोभाविषयी बोलताना आले आहेत. जवळ आहे त्यात तृप्त राहा, कारण देव सोडून जाणार नाही. मला स्वतःला हे फार उशिरा दिसले आणि तेव्हापासून ते वचन खर्चाच्या चिंतेतही माझ्याशी बोलू लागले.

आजूबाजूचा संदर्भ सुटला तर काय होते त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण पुन्हा त्या अरण्यातच आहे. सैतानालाही वचन पाठ होते. तो स्तोत्र ९१:११-१२ म्हणतो, पण देव ‘तुझ्या सर्व मार्गांत’ तुझे रक्षण करील हा भाग गाळतो, आणि त्याच्या पुढच्या वचनात सर्पाला तुडवण्याविषयी जे आहे तिथवर तो जातच नाही. शब्द बरोबर, वापर चुकीचा. येशू त्याला दुसऱ्या शास्त्रलेखानेच थांबवतो.

प्रत्यक्ष पाठ करताना

पहिल्या दिवशी वचन हाताने एका कार्डावर लिहा. एका बाजूला वचन, दुसऱ्या बाजूला संदर्भ आणि तुमच्या कागदावरची ती ओळ, ‘तपासणीचा निकाल’ किंवा जी असेल ती. ही ओळ विसरू नका, पुढे तिचेच काम आहे.

मग मोठ्याने वाचा. यहोशवा १:८ आणि स्तोत्र १:२ मध्ये ‘मनन’ या अर्थी जे हिब्रू क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ पुटपुटणे, हलका आवाज काढणे असा आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी तेच क्रियापद येते. डोळे मिटून गप्प बसणे म्हणजे मनन असा आपला समज असतो. शास्त्रातले मनन ऐकू येते. तेव्हा ओठ हलू द्या.

वचन लांब असेल तर अर्थाच्या जागी तोडा, आकड्याने नाही. पहिला तुकडा न बघता म्हणता आला की दुसरा, मग दोन्ही मिळून. अडत असेल तर आद्याक्षरांची युक्ती करा. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ याचे ‘प मा में आ’ असे लिहायचे आणि तेवढ्यावरून वचन म्हणायचे. काना-मात्रेसह अक्षर लिहिले की आठवायला पुरेसा आधार मिळतो. दोन दिवसांनी तो कागदही झाकायचा.

दर वेळी एका वेगळ्या शब्दावर जोर देऊन म्हणा. ‘परमेश्वर’ माझा मेंढपाळ आहे, दुसरे कोणी नाही. परमेश्वर ‘माझा’ मेंढपाळ आहे. परमेश्वर माझा ‘मेंढपाळ’ आहे, म्हणजे मी कोण? या साध्या गोष्टीने घोकंपट्टीचे मनन होते. पाच मिनिटे पुरतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुन्हा पुन्हा वाचल्याने पाठ झाल्यासारखे वाटते, पण ती ओळख असते, आठवण नव्हे. पुस्तक मिटून, अडखळत, चुकत, आठवण्याचा जो प्रयत्न होतो त्याने वचन टिकते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर पडताळून पाहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने विचारले तेव्हा आठवण्याचा सराव करणारे पुढे गेले. म्हणून पहिल्या दिवशी जमत नाही असे वाटले तरी थांबू नका. अडखळणे हाच सराव आहे. संदर्भ मात्र दर वेळी वचनाच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे म्हणा. तोच सर्वांत आधी निसटतो.

वेळ कोणती? अनुवाद ६:७ मध्ये चार वेळा आयत्याच दिल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यासाठी वेगळा तास काढावा लागत नाही. निजताना म्हटलेले वचन सकाळी पहिल्यांदा म्हणून बघा, किती शाबूत आहे ते कळेल.

वचन प्रसंगाला जोडणे

माझ्या भावाच्या फोनच्या वेळी जे घडले नाही ते घडावे म्हणून ही पायरी आहे.

लोक कार्ड प्रार्थनेच्या जागी ठेवतात. तिथे आपण सहसा शांतच असतो. कार्ड संकटाच्या जागी ठेवा. फोनवर भांडण होत असेल तर फोनच्या पाठीला, खर्चावर ताबा नसेल तर पाकिटात, रात्री भीती वाटत असेल तर उशीजवळ. चार-सहा दिवसांनी डोळ्यांना ते दिसेनासे होते, म्हणून जागा थोडी सरकवत राहा.

दुसरे म्हणजे तो प्रसंग मनात आणून वचन म्हणा. डोळ्यांसमोर ते नाव फोनवर झळकते आहे असे आणा, हात पुढे जातो आहे, आणि तिथे वचन म्हणा. कार्डाच्या मागची ती ओळ यासाठीच. उजळणी करताना नुसता संदर्भ वाचून वचन म्हणू नका, अधूनमधून फक्त ती ओळ वाचून म्हणा. खऱ्या आयुष्यात संदर्भ कोणी विचारत नाही, प्रसंगच समोर येतो.

तिसरे, वचनाची प्रार्थना करा. शब्द देवाशी बोलण्याचे करून टाका: ‘प्रभू, आज मला आधी ऐकू दे, माझा राग सावकाश कर.’ योहान १४:२६ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की पवित्र आत्मा त्याने सांगितलेल्या सर्व गोष्टींची आठवण करून देईल. आठवण तीच करून देता येते जी आधी ऐकलेली असते. आपण साठवायचे आणि वेळेला वर काढून देण्याची विनंती करायची, अशी ही विभागणी मी धरून चालतो.

उजळणीचा डबा

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि मग मंदावतो. म्हणून नव्या वचनाला रोज भेटावे लागते आणि जुन्याला क्वचित भेटले तरी चालते. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली यासाठी कार्डांचा डबा सुचवला. त्याचेच एक सोपे रूप मी वापरतो.

एका डब्यात तीन कप्पे करा: रोज, आठवड्याला, महिन्याला. नवे कार्ड दोन आठवडे रोजच्या कप्प्यात राहते, मग दोन महिने आठवड्याच्या, मग महिन्याच्या. कुठेही अडले तर कार्ड मुकाट्याने पुन्हा रोजच्या कप्प्यात. आठवड्याला एक नवे वचन घेतले तर वर्षभरानंतरही रोज चार-पाच कार्डेच हातात येतात. मोबाइलवर अशी अ‍ॅप आहेत, पण नवख्याने निदान पहिले काही महिने कागदच वापरावा असे मला वाटते. मोबाइल हातात घेतला की दुसरेच काही उघडते.

उजळणी साचली असेल त्या आठवड्यात नवे वचन घेऊ नका. हा नियम मी मोडला होता, साठ वचनांपर्यंत पोहोचलो आणि त्यातली जेमतेम वीस धड सांगता येत होती. तेव्हा डबा रिकामा करून पुन्हा त्या विसांपासून सुरुवात केली.

वचनांकडून उताऱ्यांकडे

आठ-दहा सुटी वचने पक्की झाली की एक लहानसा उतारा घ्या. वचनांचे आकडे मूळ लेखकांनी दिलेले नाहीत. नव्या करारात आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. विचार त्या आकड्यांशी थांबतोच असे नाही. इफिसकरांस १:३-१४ ही बारा वचने मूळ ग्रीकमध्ये एकच सलग वाक्य आहे. उतारा पाठ केला की आजूबाजूचा संदर्भ आपोआप सोबत येतो आणि एक वचन दुसऱ्याला ओढून आणते.

स्तोत्र १ आणि स्तोत्र २३ प्रत्येकी सहा वचनांची आहेत, स्तोत्र १२१ आठांचे. रोज एक नवे, पण सुरुवात दर वेळी पहिल्या वचनापासून. त्यानंतर १ करिंथकरांस १३, तेरा वचने. रोमकरांस ८ ला एकोणचाळीस वचने आहेत, त्याला तीन-चार महिने लागले तरी हरकत नाही. स्तोत्र ११९ तर १७६ वचनांचे आहे, आठ-आठ वचनांचे बावीस गट, हिब्रू वर्णमालेच्या प्रत्येक अक्षराला एक. त्याच्या दुसऱ्याच गटात, अकराव्या वचनात, देवाचे वचन मनात जपून ठेवण्याचे कारण सांगितले आहे: पाप होऊ नये म्हणून.

स्मरणशक्ती कमी आहे, वय झाले आहे, वाचता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना मी आधी ऐकायला सांगतो. स्वतःच्या किंवा घरातल्या कोणाच्या आवाजात वचन ध्वनिमुद्रित करा, मध्ये रिकामी जागा सोडून, म्हणजे मागोमाग म्हणता येईल. चाल लावता येत असेल तर लावा. शब्दाला शब्द आले नाहीत, पण अर्थ बरोबर आला, तरी त्या दिवशी ते वचन उपयोगी पडलेच.

दोन प्रश्न विचारणारा जोडीदार

आठवड्यातून एकदा कोणाला तरी वचन म्हणून दाखवा. नवरा, बायको, मित्र, मंडळीतली एखादी वडीलधारी बाई, कोणीही. ऐकणाऱ्याने पवित्र शास्त्र उघडून शब्द तपासावेत. आणि मग दुसरा प्रश्न विचारावा: ‘हे या आठवड्यात कुठे आठवले?’ पहिल्या प्रश्नाला लोक तयारी करून येतात. दुसऱ्या प्रश्नाने माणूस नम्र होतो. याकोब १:२२ मध्ये नुसते ऐकणाऱ्यांना स्वतःची फसवणूक करणारे म्हटले आहे, ते नुसते म्हणून दाखवणाऱ्यांनाही लागू आहे.

पाठ असलेले वचन दुसऱ्यावर उगारू नका. विशेषतः शोकात असलेल्या माणसाला लगेच रोमकरांस ८:२८, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून भल्यासाठीच घडतात हे, ऐकवू नका. ते खरे आहे, पण ताज्या दुःखात ते आपले तोंड बंद केल्यासारखे वाटते. आधी रोमकरांस १२:१५ पाळा, रडणाऱ्यांबरोबर रडा. आपल्या अंगावर जे वचन आधी वापरून झालेले नाही ते दुसऱ्याला देण्याची घाई करू नये.

आणि वचन उशिराच आठवले तर? सुरुवातीला बहुतेक वेळा तसेच होईल. तेव्हा ते वाया गेले असे समजून मन खट्टू करून बसू नका, कारण उशिरा आठवलेलेही पाळता येते. त्या पहिल्या संध्याकाळी मी भावाला परत फोन केला नाही, नुसता स्वतःवर चिडत राहिलो. काही महिन्यांनी पुन्हा तसेच झाले. या वेळी वचन पाच मिनिटांत आले. मी फोन उचलला, त्याचा नंबर लावला, ‘तुझे बोलणे मी मध्येच तोडले, आता पूर्ण सांग’ एवढे म्हणालो आणि तो थांबेपर्यंत ऐकत राहिलो.